कोरडं शेवाळ

गेल्या उन्हाळ्यात वळीव आला तो गारा घेऊनच आला. पाव तास कोसळला आणि आमच्या माडीचे दोन पत्रे तडकवून गेला.

माडी म्हणजे काय, तर शाहूपुरीच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आहे, त्यावर वडिलांनी चढवलेली एक लांबट खोली. भिंती विटांच्या आणि वर सिमेंटचा पत्रा. त्या काळात ज्याला वर एक खोली वाढवायची असे तो हाच पत्रा घालायचा. लोखंडाचा तापतो, कौलं माकडं सरकवतात, आणि सिमेंटचा पत्रा माणसाच्या आधी मरत नाही, असं विकणारा सांगायचा. ते मात्र त्यानं खरं सांगितलं होतं.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो आणि आईला अव्वा. मूळ गाव कुरुंदवाड, कानडी मुलूख हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आई कधी आई झालीच नाही. आण्णा गुळाच्या एका पेढीवर दिवाणजी होते. त्यांना जाऊन आता तीस वर्षं होत आली. अव्वा चौऱ्याऐंशीची आहे, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. मी मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि तिच्यासोबत राहते. धाकटा भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅटमध्ये असतो.

भावानं दुसऱ्याच दिवशी एक पत्रेवाला आणला. त्यानं कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि भावाला म्हणाला, "पावणं, ह्यात काय इचार करायचा न्हाय. दोन गडी चढवतो, घण मारतो, तासाभरात सगळं अंगणात. तुकडं टाकू नका फकस्त. माझ्या गोठ्याम्होरं चिखल हुतोय, तितं घालतो."

"आणि धड निघतील ते?" भावानं विचारलं.

"ते म्हशीवर."

भाऊ खूश झाला. आपली अडगळ जाते, म्हशीला सावली मिळते, पुण्यच की, असं त्यानं मला ऐकवलं. मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी कुणी घण माझ्या हातात दिला असता तर पहिला घाव मीच घातला असता.

पण दुपारी मी गळतीखाली बादली ठेवायला माडीवर गेले. तडकलेल्या फटीतून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत आला होता आणि त्यात धूळ हलत होती. लहानपणी अशा पट्ट्यात हात घालून मी मूठ मिटायची, धूळ पकडली म्हणून. स्टुलावर चढून मी फट जवळून पाहिली. तुटलेल्या कडेला बारीक पांढरी लव आली होती, सुती कापड फाटल्यावर कडेला येते तशी. ती लव मी ओळखली आणि स्टुलावरून खाली उतरले.

शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर ठेवायची तारेची एक जाळी असते. चंचुपात्र थेट ज्योतीवर तडकू नये म्हणून तिच्या मधोमध पांढरा गोल लेप असतो. जुन्या जाळ्यांवरचा तो लेप अ‍ॅस्बेस्टॉसचा. तो पापुद्र्यांनी सुटायचा, आणि मी तो नखानं काढून मुलींना दाखवायची. "बघा, दगड आहे, पण धागे निघतात. आगीला भीत नाही." मुली बोटं लावून बघायच्या. एका वर्गाला तर तो कसा उडतो ते मी फुंकून दाखवलं होतं. पुढं जाळ्या बदलल्या, का बदलल्या ते मी वाचलंसुद्धा, आणि त्यानंतरही रोज घरी येऊन त्याच वस्तूखाली झोपत राहिले. तिला आम्ही सिमेंटचा पत्रा म्हणत होतो एवढंच. विज्ञानाच्या बाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कागलकडच्या एका कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेचं काम बघते. तिला फोन केला. रविवारी ती आली, माडीच्या दारातच थांबली आणि बॅटरी मारून वर बघत राहिली. शाळेत ती मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायची. आता मी तिच्या तोंडाकडं बघत उभी होते.

"बाई, घाबरायचं नाही आणि हातही लावायचा नाही," ती म्हणाली.

मग तिनं मला शिकवलं. पत्रा धड असेल तर तो डोक्यावर वर्षानुवर्षं राहिला तरी फारसं काही करत नाही, कारण सिमेंटनं धागे धरून ठेवलेले असतात. तो फोडला, कापला, भोक पाडलं, खरडला की धागे सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात, हवेत तासन्‌तास राहतात, आणि श्वासाबरोबर आत गेले की शरीराला त्यांचं काही करता येत नाही. विरघळत नाहीत, सगळे बाहेरही पडत नाहीत. "आणि लगेच काही होत नाही, बाई. वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं गप्प बसतात." गप्प बसतात असंच ती म्हणाली. तेव्हापासून माझ्या छातीत कुणीतरी पाय दुमडून बसलंय असं मला वाटायला लागलं आणि अजून वाटतं.

अंगणातला जिना उतरताना ती थांबली. जिन्याखालच्या खिळ्याला एक तारेचा ब्रश टांगलेला होता. लाकडी मूठ हातानं गुळगुळीत झालेली, तारा एका बाजूला कललेल्या.

"हा कशाचा?"

मी हसत सांगायला लागले. आमच्या घरची गंमत होती ती.

पावसाळ्यात सिमेंटच्या पत्र्यावर शेवाळ धरतं. गल्लीतले लोक दिवाळीच्या आधी पाणी ओतून ते घासून काढायचे. आम्ही जैन. हिरव्या शेवाळात अनंत जीव, त्यावर पाय द्यायचा नाही, मग ब्रश कुठला. अव्वाचा नियम होता, शेवाळ आपल्या आयुष्यानं मेलं पाहिजे. ते वैशाखापर्यंत ठेवायचं, काळं पडून कुरकुरीत झालं की मगच काढायचं. त्यावर पाणी मारायचं नाही, ओल आली की पुन्हा जीव धरणार. आणि पाणी वापरायचं तर ते गाळून, मग एवढ्या पत्र्याला पुरेल एवढं कोण गाळत बसणार. म्हणून सगळं कोरडं.

आण्णा वर चढायचे. आधी मऊ केरसुणी हळूच फिरवायची, मुंग्यांना बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. भाऊ त्याला मुंग्यांना नोटीस बजावणं म्हणायचा. मग हा ब्रश. दोन दिवस खर्रर्र-खर्रर्र चालायचं. मी पत्र्याच्या कडेखाली पाटी धरून उभी असायची, आणि पाटीत अव्वाचं जुनं लुगडं घडी करून घातलेलं. चुकून एखादा जीव राहिलाच असेल तर पडताना त्याला लागू नये. वरून काळे पापुद्रे यायचे आणि त्यांच्याबरोबर करडं पीठ यायचं. ते पाटीत थोडं आणि माझ्या डोक्यावर जास्त. आण्णा खाली उतरायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. "म्हातारा झाला की गं तुजा बाप," म्हणून अव्वा हसायची आणि त्यांचा सदरा दारात झटकायची. पाटी मी डाळिंबाच्या बुडात अलगद रिकामी करायची. मी सात वर्षांची असल्यापासून दर वैशाखात हे चालायचं, आण्णांना जिना चढवेना तोपर्यंत.

किती दया होती त्या कामात! तशी दया मी पुन्हा कुठल्या कामात पाहिली नाही.

विद्यार्थिनी हसली नाही. "कोरडंच?" तिनं विचारलं.

"कोरडंच."

"बाई, त्याला हात लावायचा झाला तर आधी ओलं..." एवढं बोलून ती थांबली. वर्गात चुकीचं उत्तर आलं की मी अशीच थांबायची.

आण्णांना पन्नाशीनंतर खोकला लागला होता. कोरडा, बारीक, दाराला नख घासावं तसा. क्षय असेल म्हणून महिनोन्‌महिने औषध चाललं, थुंकी मात्र दर वेळी स्वच्छ निघायची. मग मी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, फुफ्फुसं ताठ झालीत, फुगत नाहीत. विडी? नाही, कधीच नाही. मग त्यांनी विचारलं, "धुळीत काम करता का?"

आण्णा म्हणाले, "न्हाय. पेढीवर दिवाणजी हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मीही नाही म्हटलं. त्या खोलीतलं माझं तेवढं एक "नाही" आता माझ्या मागं लागलंय. भांडी घासताना येतं, देवदर्शनाला उभी राहिले की येतं. वर्षातले ते दोन दिवस धूळ म्हणून आमच्या मनात कधी आलेच नव्हते. ते दिवस आम्ही धर्माच्या खात्यात टाकले होते.

मी विद्यार्थिनीला सरळ विचारलं, त्यानंच झालं का? ती प्रामाणिक मुलगी. "सांगता येत नाही, बाई. वर्षातून दोन दिवस, तेही उघड्यावर. पण पत्रे घालताना त्यांनी स्वतः कापले असतील, भोकं पाडली असतील, आणि त्याच खोलीत झोपायचे. त्यानंच झालं असं कुणी छातीठोक सांगणार नाही. नाही झालं असंही सांगणार नाही."

त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी घरात फडकं घेऊन फिरत होते. दुपारी खिडकीतून ऊन आलं की मी पडदा ओढायची, कारण उन्हात धूळ दिसते. भर दुपारी, गल्ली शांत असताना, मला डोक्यावर खर्रर्र ऐकू यायचं. वर कुणी नाही हे ठाऊक असून मी दोनदा जिना चढून बघून आले. माझ्या छातीचाही फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी काही दिसत नाही. त्यातला "आत्ता तरी" तेवढा मी घरी घेऊन आले.

पण माझी खरी भीती अव्वाची होती. तिनं सगळा जन्म एका गोष्टीवर काढला, की आपल्या हातून जीव जाऊ नये. पाणी गाळलं, दिवेलागणीच्या आत जेवली, भाजी निसताना निघालेली अळी पानावर ठेवून बाहेर सोडली. तिच्या त्याच नियमानं आण्णांच्या छातीत काय गेलं असेल, हे तिला कळता कामा नये. भावाला मी तसं बजावलं. आयुष्यात पहिल्यांदा तो वाद न घालता हो म्हणाला.

पत्रे उतरवायला विद्यार्थिनीनं चार माणसं आणली. कारखान्याची जुनी शेड उतरवताना ती माणसं हे काम शिकलेली होती. माडी आदल्या दिवशीच रिकामी केली, खाली येणारं दार आणि खिडक्या जाड प्लॅस्टिकनं बंद करून कडा चिकटवल्या. गल्लीत सांगून आलो, मुलं आत ठेवा. घरात कुणी थांबायचं नव्हतं. अव्वा भावाच्या फ्लॅटवर जायला काही तयार होईना, म्हणून समोरच्या घरात काचेच्या खिडकीशी तिची खुर्ची ठेवायची ठरली. माणसांनी पांढरे पोशाख चढवले, डोक्यावरून टोपी, तोंडावर दोन गोल डब्यांचे मास्क. ती माणसं जिना चढताना बघून अंगणात उभी असलेली अव्वा म्हणाली, "श्वेतांबर साधू आलेत काय गं?"

मग तिला पिंप दिसलं. "पाणी कशाला?"

"पत्रे ओले करायचेत, आजी," विद्यार्थिनी म्हणाली. "धूळ उडू नये म्हणून."

"गारा पडल्यापासनं हिरवं फुटलंय की त्येच्यावर."

अव्वा विद्यार्थिनीकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "धूळ उडू नये म्हणून," ती पुन्हा म्हणाली. "मग तुजं आण्णा उडवत हुतं ती?"

"ती शेवाळाची धूळ, अव्वा. ही वेगळी."

मी चाळीस मुलींसमोर कधी अडखळले नाही, तशीच तेव्हाही अडखळले नाही. ती "बरं" म्हणाली. मग मला आतून गाळणं आणायला लावलं, दुहेरी घडीचं, पाण्याचं. "पिंपावर बांधा. न गाळता मारायचं न्हाय. शेवाळाचं पाप काय ते मी बघतो." चार पांढऱ्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. विद्यार्थिनीनं स्वतः वाकून पिंपाच्या तोंडाला गाळणं बांधलं, तेव्हा कुठं अव्वा समोरच्या खिडकीशी जाऊन बसली.

पाण्यात थोडा साबण घालून त्यांनी बारीक फवारा मारला, पत्रे काळे होईपर्यंत. पत्रे धरून ठेवणारे गंजलेले आकडे ओढले नाहीत, ओले करून कापले. तडकलेल्या फटींवर आधी पट्टी चिकटवली. मग एकेक पत्रा अख्खा, चार हातांवर, झोपलेलं मूल उचलावं तसा खाली आला. अंगणात प्लॅस्टिक अंथरलं होतं, त्यात दोनदा गुंडाळून, चिकटवून, वर लाल अक्षरात काय आहे ते लिहिलं. माडीत झाडू फिरवायचा नव्हता. सगळं ओल्या फडक्यांनी पुसलं आणि फडकीही पिशवीत गेली. शेवटी पोशाखसुद्धा आतली बाजू बाहेर करून उतरवले आणि त्याच पिशव्यांत घातले. हातपाय धुतल्याशिवाय कुणी चहाला शिवलं नाही. कारखान्याचा घातक माल जिथं रीतसर पुरतात तिथं हे जाणार होतं, त्याचे कागद आधीच झाले होते. जाताजाता विद्यार्थिनीनं जिन्याखालचा ब्रश काढला, ओला केला, एका पिशवीत घातला, ती पिशवी दुसरीत घातली.

पत्रेवाला हे बघायला आलाच होता. लांब, कोपऱ्यावर उभा. "येवढ्या लाडानं तर आमची पोरगीबी सासरी गेली न्हाय," तो म्हणाला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, का ते. आधी तो हसत होता. मग म्हणाला, "माजं घरबी त्येचंच हाय, बाई."

"धड असेल तर असू दे. खरडू नका, भोक पाडू नका, वरून रंग द्या. घण तर मुळीच नको."

"आजवर किती फोडलं आसतील," तो म्हणाला आणि छातीवरून हात फिरवला. आपण हात फिरवतोय हे त्याला कळत नव्हतं. म्हशीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

पावसाच्या आधी माडीवर निळा लोखंडी पत्रा चढला. तापतो, वाजतो, पण खोलीत जावंसं वाटतं. मला वाटलं, संपलं. पावसाळाभर अव्वा नेहमीसारखी होती, फक्त जिन्याजवळून जाताना खिळ्याकडं बघायची. पन्नास वर्षांचा ब्रश गेला की जागा मोकळी दिसणारच, अशी मी माझी समजूत घातली.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं आणि पाठोपाठ क्षमावणी आली. त्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो, लहानथोर सगळ्यांची, वर्षभरात कळत-नकळत जे झालं त्याची. बहुतेक ते हात जोडून दारोदार फिरण्यातच उरकतं. अव्वा सकाळी बसदीतून, म्हणजे आमच्या देवळातून, आली आणि म्हणाली, "मला माडीवर न्हे."

ती कित्येक वर्षांत जिना चढली नव्हती. एका हातानं भिंत, एका हातानं मला धरून एकेक पायरी चढली. वर आण्णांची खाट जिथं असायची तिथं आता काही नाही. तिथं जाऊन उभी राहिली, डोळे मिटले, हात जोडले, आणि बराच वेळ ओठ हलवत राहिली. मी दारात होते. खाली कुकरची शिट्टी झाली ती मी मोजली नाही.

मग ती वळली. "बुरूस दोन पिशव्यांत घालून न्हेला," ती म्हणाली. "मी खिडकीतनं बघत हुतो. शेवाळ खरडायच्या बुरसाला दोन पिशव्या कशाला लागतात?"

मी दारातून तिच्यापाशी गेले.

"त्यांची मागितली," अव्वा म्हणाली. "ते काय बोलत न्हाईत. तूबी खाली पाटी धरून उभी हुतीस. मीच उभी करत हुतो." आणि माझ्या आईनं, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं, माझ्यासमोर हात जोडले. "तू तरी दे."

ते हात मी धरले. सुरकुतलेले, गार, पाणी गाळून गाळून बोटांची टोकं मऊ झालेली. "दिली, अव्वा," मी म्हटलं. मग मीही हात जोडले, कारण तिच्याशी खोटं मी बोलले होते. ती म्हणाली, "दिली." आणि मला खोकला आला. साधाच होता, जिना चढून आल्यामुळे असेल. तो थांबेपर्यंत अव्वा माझ्या छातीवर हात ठेवून उभी राहिली.